पिंजऱ्यात वाचलं, आता बिळात वाचायचंय

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉ. अकॅशियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढचं आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. पुण्यात रँडसाहेबाने घराघरांत घुसून केलेल्या तपासण्या, चापेकर बंधू, आणि प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेलेल्या सावित्रीबाई. पण ती साथ आपल्यापाशी थांबली नव्हती. चीनकडून निघालेली जहाजं जशी मुंबईला लागली, तशी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालाही लागली. १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोत प्लेग निघाला. बंदरातल्या उंदरांच्या पिसवा रानातल्या खारींवर गेल्या, आणि तिथून तो जंतू दरवर्षी थोडा थोडा पूर्वेला सरकत मधल्या गवताळ माळांवर, म्हणजे प्रेरीवर पोचला. आज ज्या प्राण्याबद्दल लिहितेय, त्याच्या मुळावर तीच साथ उठली.

प्राण्याचं नाव काळ्या पायांचा फेरेट. पाणमांजराच्या कुळातला, किलोभर वजनाचा, लांबट, निशाचर.

आधी माझं सांगते, म्हणजे मी या प्राण्याच्या एवढी का मागे लागलेय ते कळेल. मी परळच्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. आमच्याकडे रात्री पिंजऱ्यांत सापडलेले उंदीर यायचे, गोदीतले, धान्याच्या गोदामांतले, चाळींच्या मागच्या गल्ल्यांतले. उंदीर कापडी पिशवीत असतानाच क्लोरोफॉर्मचा बोळा आत टाकायचा, म्हणजे उंदराबरोबर त्याच्या पिसवाही सुन्न होतात. मग पांढऱ्या एनॅमलच्या ट्रेवर धरून बारीक दातांच्या फणीने शेपटीकडून मानेकडे, केसांच्या उलट दिशेने विंचरायचं. ट्रेवर तपकिरी कण पडायचे. ओल्या ब्रशाच्या टोकाने एकेक कण उचलून अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली जात ओळखायची. एका उंदरामागे झेनोप्सिला किऑपिस या पिसवेची सरासरी एकाच्या वर गेली, की त्या भागाची चिठ्ठी त्याच दिवशी वर जायची. माझी उमेदीची सगळी वर्षं या कामात गेली. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडू लागले, पाठोपाठ सुरतेची बातमी आली, तेव्हा आमच्याकडे रात्री उशिरापर्यंत दिवे जळत होते.

आता निवृत्त आहे. लेक डेन्व्हरला असते, तिच्याकडे येऊन राहते. शहराला लागूनच रॉकी माउंटन आर्सेनल नावाचं अभयारण्य आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे रासायनिक अस्त्रं बनत, पुढे कीटकनाशकं बनली. जमीन साफ करायला कित्येक वर्षं लागली. आज तिथे बायसन, म्हणजे इकडचे गवे, चरतात, आणि २०१५ पासून फेरेटही सोडलेत. माहिती केंद्रापाशी लोकांना बघता यावा म्हणून फेरेट ठेवलेला असतो. लेक म्हणाली, "आई, तुझ्या प्लेगचाच प्राणी आहे, चल बघायला." पाच वर्षांच्या नातीला घेऊन आम्ही सकाळी लवकर गेलो.

बराच वेळ काहीच दिसेना. मग मातीतल्या नळीच्या तोंडाशी एक नाक आलं, नाकामागून डोळ्यांवरची काळी पट्टी, मग फिकट पिवळसर अंग. अंगाला हाडं आहेत की नाहीत असं वाटावं इतकं ते सरळ ओघळत बाहेर आलं. चारी पाय गुडघ्यांपर्यंत काळे, शेपटीचं टोक काळं. मागच्या पायांवर उभं राहून आमच्याकडे पाहिलं, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि आले त्याच नळीत उलटं शिरलं. नात श्वास रोखून बघत होती.

हा प्राणी जगतो प्रेरी डॉगवर. प्रेरी डॉग हा कुत्रा नव्हे, खारीच्या कुळातला बिळं करून वसाहतीने राहणारा जीव. फेरेटच्या खाण्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग तोच, आणि घरही त्याचंच. फेरेट स्वतः बीळ खणायच्या भानगडीत फारसा पडत नाही, प्रेरी डॉगच्या बिळात राहतो, तिथेच पिल्लं घालतो. विसाव्या शतकात गुरं पाळणाऱ्यांनी आणि सरकारी खात्यांनी मिळून प्रेरी डॉगना विष घालून मारलं, कारण ते गुरांचं गवत खातात. नांगराखाली जमीन गेली ती वेगळीच. एवढ्याने फेरेट अर्धमेला झाला होता. उरलेलं काम प्लेगने केलं.

प्रेरी डॉगच्या वसाहतीत प्लेग शिरला की नव्वद टक्क्यांहून अधिक जीव काही आठवड्यांत मरतात. यजमान मेला, अंग गार पडलं की पिसवा त्याला सोडतात आणि दुसरं गरम अंग शोधतात. त्या बिळात शिरणारं गरम अंग फेरेटचं. पिसवेच्या चाव्याने त्याला प्लेग होतो, आजारी प्रेरी डॉग खाऊनही होतो, आणि दोन्हींतून वाचलाच तर खायला काही उरलेलं नसतं.

१९७९ मध्ये पिंजऱ्यातला शेवटचा फेरेट मेला, तेव्हा जात संपली असंच सगळे धरून चालले होते. त्या आधीच्या प्रयत्नाची गोष्ट माझ्यासारख्या प्रयोगशाळेतल्या बाईला फार लागते. साउथ डकोटातले काही फेरेट पकडून मेरीलँडमधल्या पटक्सेंटच्या संशोधन केंद्रात नेले होते. कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर या विषाणूच्या रोगापासून ते वाचावेत म्हणून त्यांना लस टोचली. ती जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची होती आणि पाळीव फेरेटना काही न होता चालत होती. रानटी फेरेटना ती लसच बाधली. सहांपैकी चार डिस्टेंपरने गेले. उरलेल्यांची पिल्लं जगली नाहीत. जवळच्या जातीवर चालली म्हणून या जातीवर चालेल हे गृहीत धरण्याची केवढी किंमत! आज या प्राण्याला कुठलीही सुई टोचताना हे लोक इतकी काळजी का घेतात, त्याचं मूळ तिथे आहे.

मग २६ सप्टेंबर १९८१ ला वायोमिंगमधल्या मिटीट्सी गावाजवळ शेप नावाच्या कुत्र्याने रात्री काहीतरी मारून मालकाच्या दारात आणलं. मालकाने ते पेंढा भरणाऱ्याकडे नेलं, आणि त्या माणसाने ओळखलं. शोध घेतला तर तिथल्या प्रेरी डॉगच्या वसाहतींत फेरेट होते. १९८४ मध्ये १२९ मोजले. पुढच्याच वर्षी प्रेरी डॉगमध्ये प्लेग निघाला आणि फेरेटमध्ये डिस्टेंपर. घाईने सहा पकडले, त्यांतले काही आधीच रोग घेऊन आले होते, सहाच्या सहा मेले. त्यानंतर १९८७ च्या सुरुवातीपर्यंत जे सापडले ते सगळे पकडून आणले. १८ फेरेट, जगातले सगळे.

रानातला शेवटचा जीवसुद्धा उचलून पिंजऱ्यात घालायचा, या निर्णयावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. माझ्या मते तो निर्णय बरोबरच होता, उलट तो वर्षभर आधी व्हायला हवा होता. साथ सुरू झाल्यावर वाट बघत बसणं म्हणजे काय ते आमच्या खात्यात असलेल्या कुणालाही विचारा. माझी आजी साताऱ्याकडची. गावात उंदीर पडायला लागले की माणसं घरांना कुलपं लावून माळावर झोपड्या घालायची, असं ती सांगायची. घर सोडणं कुणाला आवडत नाही, पण ज्यांनी सोडलं ते वाचले.

त्या १८ पैकी फक्त ७ जणांचा वंश पुढे चालला. आजचा प्रत्येक फेरेट त्या सातांचा. वायोमिंगच्या केंद्रात १९८७ मध्ये पहिल्या माद्या व्याल्या आणि दुसऱ्या वर्षापासून प्राणी वेगवेगळ्या ठिकाणी वाटले, म्हणजे एका ठिकाणी रोग आला तर सगळे जायला नकोत. व्हर्जिनियात फ्रंट रॉयलला स्मिथसोनियनची संस्था, ओमाहा, लुइव्हिल, फिनिक्स, कोलोरॅडो स्प्रिंग्जचं शायेन माउंटन आणि कॅनडातलं टोरोंटो, अशा प्राणिसंग्रहालयांनी वेगवेगळ्या काळात हे काम उचललं. त्यांच्या फेरेटच्या खोल्या बहुतेक ठिकाणी प्रेक्षकांना दिसत नाहीत. सरकारचं मुख्य केंद्र इथूनच उत्तरेला, कार नावाच्या गावाजवळ आहे.

कुणाची जोडी कुणाशी लावायची हे वंशावळीची वही बघून ठरतं, म्हणजे जवळच्या नात्यातले टळतात. मादी वर्षातून एकदाच, वसंतात माजावर येते. ती तयार आहे का हे ओळखायला तिच्या योनीतला स्राव काचपट्टीवर घेऊन पेशी तपासतात. चपट्या, कडक झालेल्या पेशी नव्वद टक्क्यांच्या वर गेल्या की नराजवळ सोडायची. बेचाळीस दिवसांनी पिल्लं होतात, एका वेतात तीन-चार. नुसती काचपट्टी, रंग आणि मोजणी. हे वाचताना माझे हात शिवशिवले.

एवढं जमलं तरी पिंजऱ्यात वाढलेला फेरेट रानात सोडला की मरायचा. १९९१ मध्ये वायोमिंगच्या शर्ली बेसिनमध्ये पहिले ४९ सोडले, त्यांतले बरेच कायोटी (कोल्ह्यासारखा प्राणी) आणि बॅजर (बिळं उकरून शिकार करणारा प्राणी) यांनी उचलले. त्या आधी सायबेरियन पोलकॅट या त्याच्या भाऊबंदांवर प्रयोग झाले होते. पेंढा भरलेला बॅजर रिमोटच्या खेळण्यातल्या गाडीवर बसवून त्यांच्या मागे पळवत आणि रबरबँड मारून चाप बसवत, म्हणजे बॅजर दिसला की बिळात पळायचं हे कळावं. त्या शिकवणीचा उपयोग मर्यादितच झाला. खरा उपयोग झाला तो मातीचा. आता पिल्लं सोडण्याआधी महिनाभर तरी उघड्यावरच्या मोठ्या कुंपणात राहतात. तिथे खरी बिळं असतात, वारा-पाऊस असतो, आणि जिवंत प्रेरी डॉग असतो. जो मारायला शिकतो तोच पुढे जातो. अशा कुंपणात वाढलेले फेरेट कोरड्या पिंजऱ्यातून थेट सोडलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त टिकतात.

परत येताना गाडीत नातीने विचारलं, "आजी, पिंजऱ्यात पिसवा नाहीत ना? मग त्यांना तिथेच का नाही ठेवत?"

प्रश्न रास्त होता आणि मी तिला तिच्या वयाला पटेल असं काहीतरी सांगितलं. पूर्ण उत्तर इथे देते. पिंजरे मोजके, म्हणून प्राणीही मोजके. सगळे मिळून तीनशेच्या आसपास. सातांपासून सुरू झालेला वंश इतक्या थोड्यांत फिरवत राहिलं की दर पिढीला काही गुण कायमचे गळतात. शिवाय पिंजऱ्यात चांगला जगणारा आणि रानात चांगला जगणारा प्राणी एकच असेल याची खात्री नाही. पिढ्यानपिढ्या पिंजऱ्याने निवडलेलेच उरतील. म्हणून दर शरद ऋतूत पिल्लं माळावर न्यावीच लागतात, दरवर्षी थोडी मरणार हे माहीत असून.

आणि मरण्याचं मोठं कारण अजूनही तीच पिसू.

माहिती केंद्रातल्या एका वयस्क स्वयंसेवकाला मी विचारलं की बिळांमधल्या पिसवांचं काय करता. ते गृहस्थ एकदम खुलले. भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवत त्यांनी सांगितलं की बिळाच्या तोंडात डेल्टामेथ्रिनची पूड फवारतात. एकेका बिळात, पाठीवर किंवा छोट्या गाडीवर यंत्र घेऊन. एका वसाहतीत हजारो बिळं असतात आणि पूड पुन्हा पुन्हा घालावी लागते. "उन्हात चालून चालून माणसं पांढरी होतात," असं ते म्हणाले. काही ठिकाणी पिसवा त्या पुडीला दाद देईनाशा झाल्यात, हे मी आधीच वाचलं होतं. हे दुखणं आमच्याही ओळखीचं. एकच औषध वर्षानुवर्षं वापरलं की असं होतंच, बदलून बदलून वापरावं लागतं.

फेरेटना स्वतःला लस आहे. अमेरिकन लष्कराच्या संशोधकांनी माणसांसाठी तयार केलेली प्लेगची लस त्यांना चालते. पटक्सेंटचा धडा लक्षात ठेवून यात जिवंत जंतू नाही, जंतूची दोन प्रथिनं जोडून बनवलीय. सोडण्याआधी दोन टोचण्या देतात. रानात जन्मलेल्या पिल्लांना मात्र पकडूनच टोचावं लागतं. त्यासाठी रात्री गाडीवर प्रखर दिवा लावून माळ धुंडाळतात. फेरेटचे डोळे त्या उजेडात पाचूसारखे हिरवे चमकतात. चमक दिसली की बिळाच्या तोंडावर सापळा लावायचा, आणि उजाडायच्या आत प्राणी तपासून, टोचून परत त्याच बिळात. प्रेरी डॉगसाठी शेंगदाण्याच्या लोण्याचा वास असलेल्या गोळ्यांतून लस द्यायचे प्रयोगही झालेत.

भायखळ्याला हाफकिनसाहेबांनी १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. त्या लसीची नात-पणती आज वायोमिंगच्या एका प्राण्याच्या मांडीत जाते, या गोष्टीचा मला खराखुरा अभिमान वाटतो.

फेरेटची बातमी मात्र छापून येते ती क्लोनची. १९८८ मध्ये मेलेल्या विला नावाच्या मादीच्या पेशी सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयाने गोठवून ठेवल्या होत्या. तिचा वंश चालला नव्हता, म्हणजे त्या सातांत ती नव्हती. त्या पेशींपासून १० डिसेंबर २०२० ला एलिझाबेथ ॲन जन्मली. तिला पिल्लं होऊ शकली नाहीत. मग २०२३ मध्ये अँटोनिया आणि नोरीन जन्मल्या आणि २०२४ च्या जूनमध्ये अँटोनियाला फ्रंट रॉयलमध्ये पिल्लं झाली. लुप्त होऊ घातलेल्या प्राण्याच्या क्लोनने अमेरिकेत पिल्लं घालण्याची ही पहिलीच वेळ. मला हे थोर वाटतं. सातांच्या जागी आठवा पूर्वज मिळणं याचं मोल वंशावळीची वही चालवणाऱ्यांना विचारा. पेशी जपून ठेवणाऱ्या त्या माणसांपुढे हात जोडावेत. पण विलाचे गुण घेऊन जन्मलेलं पिल्लूही बिळात शिरल्यावर पिसू चावली तर मरणारच. प्लेगला दाद न देणारा फेरेट घडवता येईल का, यावरही संशोधन चालू आहे. ते होईल तेव्हा होवो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की पुडीचा आणि टोचणीचा खर्च हा पैदास कार्यक्रमाचाच खर्च धरला पाहिजे. पिल्लू जन्माला घालायला पैसे मिळतात, देणगीदार फोटोसाठी उभे राहतात. बिळात पूड घालायला दरवर्षी नव्याने पैसे मागावे लागतात, आणि एक वर्ष हात आखडला तर दहा वर्षांत वाढवलेली वसाहत एका उन्हाळ्यात जाते. साउथ डकोटाच्या कोनाटा बेसिनमध्ये फेरेट सगळ्यांत छान वाढले होते. २००८ मध्ये तिथे प्लेग पोचला. जिथे पूड घातली होती आणि लस टोचली होती तिथलेच प्रामुख्याने तगले. या आर्सेनलमध्येही २०१९ च्या उन्हाळ्यात प्रेरी डॉगमध्ये प्लेग आला होता आणि अभयारण्याचा भाग लोकांना बंद ठेवावा लागला होता. आज रानात मिळून तीनशेच्या आसपास फेरेट असतील. संकटात असलेल्या प्राण्यांच्या सरकारी यादीतून नाव काढायला तीन हजार प्रौढ हवेत.

गुरं पाळणाऱ्यांना दोष देऊन यातलं काही साधणार नाही, असंही मला वाटतं. ज्याच्या गवतावर घर चालतं त्याला प्रेरी डॉग नकोसा वाटणारच. ज्यांनी आपल्या जमिनीवर फेरेट येऊ दिले त्यांच्याशी सरकारने करार केलेत, उद्या फेरेटला काही झालं तर शिक्षा नाही, अशी हमी देणारे. मिटीट्सीला २०१६ मध्ये फेरेट परत सोडले ते तिथल्याच रँचवर, मालकांच्या संमतीने.

आपल्याकडेही असं काम चाललंय. गुवाहाटीजवळ बसिष्ठाला पिग्मी हॉग, म्हणजे गुडघ्यापर्यंतही न येणारं रानडुक्कर, १९९६ मध्ये मानसमधून पकडलेल्या सहांपासून वाढवलं. सोनाई-रूपाई, ओरांग, बरनदी आणि पुन्हा मानस अशा गवताळ जंगलांत ती सोडली. २०२० मध्ये आसामात आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला आणि तिथल्या लोकांची झोप उडाली, कारण तो पाळीव डुकरांतून यांच्यात शिरला तर सगळंच संपायचं. पायताणं धुणं, ये-जा बंद करणं, चारा कुठून येतो ते बघणं, हेच त्यांचं काम होऊन बसलं. २०२० मध्येच इकडे कारच्या केंद्रात कोविड फेरेटना होऊ नये म्हणून शंभरावर फेरेटना प्रायोगिक लस टोचली होती. माणसांची लस बाजारात यायच्या आधी!

डेन्व्हरला कुणी येणार असाल, मुलांकडे म्हणा, कामाला म्हणा, तर आर्सेनलला जरूर जा. प्रवेश फुकट आहे, मोटारीतून फिरायचा रस्ता आहे, गवे हमखास दिसतात. फेरेट बघायचा तर सकाळी लवकर गाठा आणि नळीच्या तोंडाकडे डोळे लावून उभे राहा. तिथल्या स्वयंसेवकांना यंदा किती बिळांत पूड घातली ते विचारा. त्यांना सांगायला आवडतं.